ॲव्हरेजचा गंडा

नवी गाडी दारात उभी राहिली, की पेढा तोंडात असतानाच पाहुणा विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" एअरबॅग किती, ब्रेक कसे, हे प्रश्न त्यानंतरचे, आणि बहुधा ते येतच नाहीत. गाडीवाल्याचं उत्तरही तयार असतं: "सिटीत पंधरा, हायवेला वीस." हॅचबॅक असो की सात सीटर, पेट्रोल असो की डिझेल, उत्तर साधारण हेच. यात खोटं बोलण्याचा हेतू नसतो. मुळात मोजलेलं कुणी नसतं, आणि आकडा कमी सांगितला तर गाडी निवडणाऱ्याची अक्कल निघते. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन चाचणी संस्थेत रोलरवर गाडी पळवून काढलेला आकडा तर याच्याही वर असतो. तो आकडा आणि आपल्या टाकीतून उडून जाणारं पेट्रोल यांच्यामध्ये मोठी फट आहे, आणि त्या फटीत एक अख्खा बाजार वसला आहे.

हा बाजार मोबाईलवर भरतो. तुम्ही एकदा सीट कव्हर शोधायचा अवकाश, की पुढचे पंधरा दिवस तो तुमच्या मागे फिरतो. "30 टक्के इंधन बचत! इंजिनची ताकद वाढवा! मूळ किंमत 1999, आज फक्त 299!" यातला 'आज' काही केल्या मावळत नाही. माल नाना तऱ्हेचा. पेट्रोलच्या नळीला पट्ट्यानं आवळायची लोहचुंबकाची जोडी. सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायची, निळा दिवा लागणारी कांडी. एअर फिल्टरच्या पाइपात बसवायचा पत्र्याचा पंखा, त्याचं नाव 'टर्बो'. पाण्यातून हायड्रोजन काढून इंजिनला पाजणारी बरणी. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे स्टीअरिंगखालच्या सॉकेटात बसणारी डबी: पेट्रोल गाडीला एका रंगाची, डिझेलला दुसऱ्या. आतलं ज्ञान वेगळं असेल असं वाटावं, इतपत रंग वेगळे.

मला खरा रस जाहिरातींखालच्या अभिप्रायांत. "पाच स्टार. पॅकिंग छान. अजून बसवून बघितलं नाही." "डिलिव्हरी वेळेत आली, धन्यवाद." "माझ्याकडे गाडी नाही, भावासाठी घेतलं, त्याला आवडेल." एखादा कुणीतरी वैतागून लिहितो, "काही फरक नाही," आणि त्याच्याखाली विक्रेत्याचं उत्तर असतं, "सर, धीर ठेवा, फरक हळूहळू जाणवेल." आपल्याकडे पूर्वी हे उत्तर फक्त नाडीवाले वैद्य देत असत.

हा माल नाशिकमध्ये खपावा, याचं मला विशेष वाटतं. मागास, भोळ्याभाबड्या गावात खपला असता तर समजण्यासारखं होतं. पण हे गाव इंजिनावर पोट भरणारं आहे. सातपूरला महिंद्राचा कारखाना. 2002 साली आलेली स्कॉर्पिओ इथून बाहेर पडली. त्याच पट्ट्यात बॉश, जिला नाशिककर अजून मायकोच म्हणतात आणि जिच्या नावाचं सर्कल आम्ही रोज ओलांडतो. तिथं डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. नोझलची भोकं केसाहून थोडीशीच जाड. आतली सुई आणि तिचं घर यांच्यातलं अंतर मायक्रॉनमध्ये मोजायचं, आणि आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल ज्या दाबानं फवारलं जातं, तो हवेच्या दाबाच्या दोन हजार पटींच्या घरात जातो. "मुलगा मायकोत आहे" एवढ्या एका वाक्यावर एके काळी या गावात लग्नं जमली आहेत. पलीकडे ओझरला 1964 पासून एचएएलचा विमान कारखाना. तिथं मिग जोडले गेले, नंतर सुखोई. ज्या गावात घरटी एक माणूस टॉलरन्स, क्लिअरन्स हे शब्द जेवताना वापरतो, त्या गावात पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक बांधला जातो. पैसे पुन्हा कॅश ऑन डिलिव्हरी. म्हणजे नोटा छापायच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, आणि घालवायच्या असल्या पार्सलवर.

आमच्या साडूंनी डबी घेतली. साडूंचं नाव सांगत नाही, कारण आमची सासुरवाडी एकच आहे. माणूस शिकलेला, सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात, घरात गव्हाची गोणी आली तरी वजन करून घेणारा. डबीसोबत चिटोऱ्याएवढं एक माहितीपत्रक होतं. त्यात लिहिलं होतं, की पहिले दोनशे किलोमीटर हे यंत्र तुमची गाडी चालवण्याची सवय शिकून घेईल आणि मग इंजिनच्या कॉम्प्युटरला त्याप्रमाणे वळण लावेल. हा दोनशेचा आकडा ज्यानं ठरवला, त्याला मी मनापासून नमस्कार करतो. साडू इंदिरानगरहून सातपूरला जातात-येतात; रोजचे झाले वीसेक किलोमीटर, त्यात रविवारी गाडी सोसायटीत उभी. यंत्राचं शिक्षण पुरं व्हायला दहा-बारा दिवस. वस्तू परत करायची मुदत सात दिवसांची. पदवी हातात पडेपर्यंत फी परत मागायची सोय संपलेली.

महिन्याभरानं सासूबाईंकडे जेवायला जमलो, तेव्हा साडूंनी श्रीखंडाच्या वाटीवरून जाहीर केलं, "दोननं वाढलं."

"काय?"

"ॲव्हरेज. मुंबईला जाऊन आलो. टाकी फुल केली, ठाण्याच्या पुढे परत फुल केली, हिशेब केला. लिटरला अठरा. आधी पंधरा-सोळा द्यायची."

"आणि येताना?"

साडू थोडे थांबले. "येताना एसी होता," ते म्हणाले.

इथं मला कसारा घाटाची बाजू घ्यावीशी वाटते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. मुंबई समुद्रावर. इगतपुरीपर्यंत तुम्ही पठारावर असता आणि मग कसारा घाटापासून ही उंची खाली उतरायला लागते. साडूंची हॅचबॅक, घरची चौघं, आणि साडूंच्या बहिणीसाठी नेलेल्या द्राक्षांच्या पेट्या मिळून बाराशे किलो धरू. एवढं वजन 600 मीटर वर उचलायला साधारण 70 लाख ज्यूल लागतात. लिटरभर पेट्रोलमध्ये तीन कोटींहून अधिक ज्यूल असतात खरे, पण इंजिन त्यातला जेमतेम चतुर्थांश चाकापर्यंत पोचवतं, म्हणजे 80 लाख. तेव्हा निव्वळ घाट चढायला पाऊण लिटरहून जास्त पेट्रोल जातं, आणि उतरताना ब्रेकमध्ये वाया गेलेलं सोडून त्यातलं निम्मंशिम्मं परत मिळतं. मुंबईचं अंतर 170 किलोमीटर. सपाटीवर सतराचं ॲव्हरेज देणारी गाडी या हिशेबानं जाताना अठराच्या आसपास देईल आणि येताना साडेपंधरा. साडूंचे ते दोन किलोमीटर म्हणजे सह्याद्रीची कृपा. आजवर जितक्या नाशिककरांनी मुंबईला जाताना नव्या वस्तूची चाचणी घेतली, तितक्यांची ती यशस्वी झाली असणार. मुंबईकरांनी नाशिकला येताना घेतली असेल, तर त्यांनी वस्तू परत केली असेल.

"आता समृद्धीनं जातो आपण," मी घाटाचं नाव काढताच साडू म्हणाले, "घाट कुठे लागतो?" समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला, आणि तो सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा खरोखरच बघण्यासारखा आहे. बोगद्यानं वळणं गेली. उंची कुठे जाणार? शिवाय समृद्धीवर माणूस 120 च्या खाली चालवत नाही, आणि 80 वरून 120 ला गेलं की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. हे मी बोललो नाही. सासूबाई पुरण वाढायला आल्या होत्या.

मात्र साडूंचा दावा सगळाच मोडीत काढता येत नाही. मेव्हणी म्हणाली, "काही म्हणा भावजी, ती डबी बसवल्यापासून हे गाडी फार छान चालवतात. सिग्नलला धावत जात नाहीत. क्लचवर पाय ठेवून बसत नाहीत." हे खरं होतं. तीनशे रुपये घातले म्हटल्यावर साडूंचं लक्ष डॅशबोर्डवरच्या ॲव्हरेजच्या आकड्याकडे लागलं. तो आकडा खाली गेला की ते पाय उचलत. 1978 पासून पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघ, म्हणजे पीसीआरए, आपल्याला हेच सांगत आला आहे: वेग 45 ते 55 ठेवा, क्लच दाबून धरू नका, सिग्नलला इंजिन बंद करा. सरकारनं फुकट सांगितलेलं कुणी ऐकलं नाही, आणि तीनशे रुपयांच्या लुकलुकत्या दिव्यानं ते साडूंकडून करून घेतलं. पुढच्या महिन्याभरात दिव्याची सवय झाली आणि पाय पुन्हा पूर्वीसारखा पडू लागला, हे नंतर कळलं. "आता तिची पॉवर उतरली बहुतेक," साडू म्हणाले आणि त्यांनी ती मला देऊन टाकली.

मी ती आमच्या सोसायटीतल्या काकांकडे नेली. काका मायकोतून निवृत्त झालेले. नोझलची भोकं भिंगातून बघण्यात त्यांची नोकरी गेली, आणि अजून ते इडलीचा साचाही उजेडाकडे धरून बघतात. त्यांनी गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं, चष्मा कपाळावर चढवला, घड्याळाचा बारीक स्क्रूड्रायव्हर डबीच्या शिवणीत घातला आणि टक् आवाज करून ती उघडली. आत नखाएवढ्या रुंदीची हिरवी पट्टी. तिच्यावर एक काळी चिप, चार-दोन रेझिस्टर, तीन बारके दिवे आणि एक बटण. बटणाला माहितीपत्रकात 'रिसेट' म्हटलं होतं. खाली सोळा दातांचा प्लग.

हे सोळा दात म्हणजे काय, ते काकांनी समजावून सांगितलं. आपल्याकडे गेल्या दहा-बारा वर्षांतल्या प्रत्येक गाडीत स्टीअरिंगच्या खाली हे सॉकेट असतं. गॅरेजवाला त्यात यंत्र लावून इंजिनला काय दुखतंय ते वाचतो. सोळावा दात बॅटरीचा, चौथा जमिनीचा, आणि आजच्या गाड्यांत सहावा आणि चौदावा हे बोलण्या-ऐकण्याचे; सेन्सरची सगळी बातमी त्या दोन तारांवरून जाते. काकांनी भिंग धरलं आणि पट्टीवरच्या तांब्याच्या रेघा एकेक करून स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं चालून पाहिल्या. सोळाव्याची रेघ दिव्यांपर्यंत जात होती. चौथ्याचीही. सहावा आणि चौदावा दात प्लगमध्ये होते, चकचकीत होते, पण त्यांच्यापासून निघालेली रेघ दोन मिलिमीटरवर जाऊन संपत होती. पुढे काहीच नाही.

"ह्याला गाडीचं काही ऐकूच येत नाही," काका म्हणाले, "हा शिकणार काय आणि शिकवणार काय?"

"मग बटण कशाचं?"

काकांनी बटण दाबून बघितलं. "दाबायचं," ते म्हणाले.

परदेशातही लोकांनी अशा डब्या फोडून पाहिल्या आहेत आणि त्यांनाही आत दिवेच सापडले आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं आजवर पेट्रोल वाचवणारी म्हणून शंभराहून अधिक यंत्रं तपासली. त्यातल्या अगदी मोजक्यांनी किंचितसा फरक दाखवला, आणि त्यातही काहींनी तो धूर वाढवून दाखवला. असं का होतं, याचं कारण साधं आहे, पण जाहिरातवाला ते बरोब्बर उलटं सांगतो. तो म्हणतो, तुमचं निम्मं पेट्रोल न जळताच बाहेर जातं, आमचा लोहचुंबक ते नीट जाळतो. प्रत्यक्षात आजच्या इंजिनात शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग पेट्रोल जळतंच. धुराड्यातला सेन्सर क्षणाक्षणाला बघत असतो, की एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा मिळतेय की नाही, आणि त्याप्रमाणे इंजेक्टर उघडा किती वेळ ठेवायचा ते ठरतं. पेट्रोल वाया जातं ते जळून झाल्यावर. उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून. ती उष्णता नळीला बांधलेला चुंबक कशी अडवणार? पेट्रोलला चुंबकाचं तसंही काही सोयरसुतक नाही.

पत्र्याच्या 'टर्बो'चं गणित तर चौथीतल्या पोरानं करावं. बाराशे सीसीचं इंजिन तीन हजार फेऱ्यांवर पूर्ण दाबलं, तर मिनिटाला सुमारे अठराशे लिटर हवा ओढतं. खरा टर्बो सायलेन्सरच्या गरम वायूवर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तेव्हा कुठे हवा दाबून आत कोंबतो. आपला आठशे रुपयांचा पंखा इंजिनच्या नाकात बोट घालून उभा असतो. इंजिनला श्वास घ्यायला त्रास होतो, मालकाला मात्र आवाज बदलल्याचा आनंद. या सगळ्या गोतावळ्यात मला एकच वस्तू प्रामाणिक वाटते: सायलेन्सरच्या तोंडात बसवायची ॲल्युमिनियमची शिट्टी. ती टर्बोचा आवाज देईन म्हणते आणि तेवढाच देते. शेजाऱ्यांचा त्रास आणि पोलिसांची पावती, हा भाग वेगळा.

बरं, 299 रुपयांत तीस टक्के बचत होत असती, तर ती आधी कारखान्यांनी केली असती. कंपन्यांवर 2017 पासून सरकारचं बंधन आहे, की विकलेल्या सगळ्या मोटारींचा सरासरी कार्बन डायऑक्साइड ठरावीक मर्यादेत हवा. आधी किलोमीटरला 130 ग्रॅम, 2022 पासून 113. त्यापायी बिचारे टायरची रबरं बदलतात, पत्रा पातळ करतात, सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायची सोय करतात, आणि एवढ्या खटाटोपात दोन-चार टक्के हाती लागले तरी पार्टी करतात. सातपूरच्या गेटावर कुणी लोहचुंबकांची हातगाडी घेऊन उभा राहिला, तर ही मंडळी त्याला आत बोलावून खांद्यावर घेतील.

यावर भाविकाचं उत्तर ठरलेलं आहे: "पेट्रोल कंपन्यांनाच ते नकोय. त्यांनी दाबून टाकलं." हे उत्तर फार जुनं आहे. 1930 च्या दशकात कॅनडातल्या विनिपेगच्या चार्ल्स पोग नावाच्या माणसानं गॅलनला दोनशे मैल देणारा कार्बोरेटर केल्याची आवई उठली. तो बाजारात आला नाही, आणि आजतागायत लोक त्याला तेल कंपन्यांनी गाडल्याचं सांगतात. आपल्याकडे 1996 साली तामिळनाडूच्या रामर पिल्लईनं झाडपाल्यापासून पेट्रोल काढून दाखवलं, तेव्हा शास्त्रज्ञांनी मान हलवली आणि लोकांनी शास्त्रज्ञांनाच मत्सरी ठरवलं. चौकशीत झाडपाल्याच्या पेट्रोलमध्ये पेट्रोलियमचीच रसायनं निघाली. 2016 साली चेन्नईच्या न्यायालयानं त्याला तीन वर्षांची शिक्षा ठोठावली. पण त्या काळात आमच्या आळीत पाण्याच्या पातेल्यात पाला टाकून बघणारे दोन इंजिनिअर होते, हे मला चांगलं आठवतं.

इंजिनिअरच होते, हे लक्षात घ्या. भोळसट माणूस असल्या भानगडीत पडत नाही. त्याची गाडी चालते, तो बसतो आणि जातो. फसतो तो गाडीचं थोडं कळणारा, आणि मला वाटतं त्याचं मूळ कार्बोरेटरमध्ये आहे. बजाजची स्कूटर, एम-80, पहिल्या मारुती 800, या सगळ्यांना एक स्क्रू असायचा. भद्रकालीतला मिस्तरी कान इंजिनापाशी नेऊन तो स्क्रू पाव फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे करायचा आणि म्हणायचा, "जा आता, पाच जास्त देईल." आणि गाडी खरंच द्यायची, कारण आधी मिश्रण खरंच बिघडलेलं असायचं. मग घरोघरी स्क्रूड्रायव्हर निघाले. जेट बदलून बघ, प्लगची फट नखानं मोज, टाकीत डांबराची गोळी टाक, असले शोध रविवारच्या सकाळी लागत. डांबराच्या गोळीनं पिकअप वाढतो असं शपथेवर सांगणारे काका प्रत्येक वाड्यात होते. जेट तुंबल्यावर गाडी ढकलत नेणारेही तेच.

2000 सालाच्या आसपास मोटारींतून कार्बोरेटर गेला. 2020 ला बीएस-6 चे प्रदूषणाचे नियम आले आणि तो दुचाकींतूनही गेला. आता बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं एक काळं झाकण दिसतं, त्यावर कंपनीचं नाव. झालं. हात लावायला जागा नाही. गाडी पूर्वीपेक्षा कितीतरी बरी चालते, पण ती चालण्यात मालकाचं काही कर्तृत्व उरलं नाही. ज्याचा बाप रविवारी कार्बोरेटर घासलेटमध्ये बुडवून बसायचा, त्यानं रविवारी करायचं काय? त्याला ही डबी तो स्क्रू परत देते. खाली वाकून काहीतरी बसवायचं, दिवा लागतो का बघायचं, चार दिवसांनी आकडा लिहून ठेवायचा. दसऱ्याला आपण झेंडूचा हार घालतो, पुढे लिंबू-मिरची लटकवतो, नवी गाडी नवश्या गणपतीला नेऊन आणतो. हे सगळं गाडी सुखरूप राहावी म्हणून. ॲव्हरेजसाठी मात्र शास्त्रात काही विधी सांगितलेला नव्हता. ती उणीव चुंबकाच्या गंड्यानं भरून काढली.

मला त्यातलं हे सुख कळतं. मला राग येतो तो विकणाऱ्याचा, आणि अलीकडे जास्त. कारण लोकांचं ॲव्हरेज खरोखरच थोडं उतरलं आहे आणि हा त्यावर टपून बसला आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी. तेव्हा वीस टक्के मिसळल्यावर ॲव्हरेजला थोडा फटका बसणार, हे साधं गणित आहे. सरकारनंही गाडीच्या वयानुसार एक-दोन ते सहा टक्क्यांपर्यंत तो मान्य केला आहे. लिटरला शंभराच्या वर मोजणाऱ्या माणसाला तेवढंही खुपतं. मग जाहिरात येते, "ई-20 मुळे मायलेज घसरलं? हे बसवा!" दुखणं खरं, औषध खोटं.

माणसांच्या जादूई औषधांच्या जाहिरातींविरुद्ध आपल्याकडे 1954 पासून कायदा आहे. जादूटोण्याविरुद्ध महाराष्ट्रानं 2013 साली केला. गाडीच्या गंड्यादोऱ्याला यातलं काहीच लागू पडत नाही. पण 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा पडतो. दिशाभूल करणारी जाहिरात केली, तर केंद्रीय प्राधिकरण पहिल्या खेपेला दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. साडूंना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "तीनशे रुपयांसाठी कोण तक्रार करणार?" याच वाक्यावर या सगळ्यांची दुकानं चालली आहेत, साडूभाऊ. हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे आणि फोन करायला पैसे पडत नाहीत.

आणि स्क्रूची हौस ज्यांना स्वस्थ बसू देत नाही, त्यांच्यासाठी आजच्या गाडीतही एक गोष्ट उरली आहे, जी मालकानं स्वतःच्या हातानं फिरवावी: टायरच्या व्हॉल्व्हचं टोपण. हवा कमी झाली की टायर रस्त्याला चिकटून चालतो आणि पेट्रोल जास्त जातं, यात कुणाचं दुमत नाही. किती हवा हवी, तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. दार उघडा आणि वाचा. पंधरवड्यातून एकदा, टायर तापायच्या आधी, सकाळी जवळच्या पंपावर जा. पंपवाल्यानं हवा फुकट भरून द्यायची असते, असा नियम आहे.